बांधलेलं नाव, मोकळं नाव

गुरुवारी चारला आमची बैठक.
तिसरा मजला, लिफ्टचं दार अर्धंच उघडतं,
पाच माणसं, एक फळा,
खिडकीतून हायवे: इकडे धारवाड, तिकडे कोल्हापूर.

हलगेकर मॅडम लॅम्ब्डा काढतात,
एक पाय लांब, लंगडल्यासारखा.
म्हणतात, क्ष घ्या, क्ष अधिक एक द्या.
आता क्ष पुसून य लिहा, दोन्हीकडे.
काय बदललं?
काही नाही.
आत बांधलेलं नाव कुठलंही असो,
फलन तेच.

शिवलीला हसते.
तिच्या गावच्या पाटीवर तीनदा रंग चढलाय,
पावसाळ्यात खालची अक्षरं वरच्यांतून डोकावतात.
बस मात्र थांबते तिथंच,
चिंचेखाली.

भरमा विचारतो, आणि मोकळं नाव, मॅडम?
ज्याचा अर्थ बाहेरून येतो?
खडू थांबतो.
त्याला हात लावायचा नाही, मॅडम म्हणतात,
आणि लगेच पुढचं उदाहरण घेतात.

दोन महिने आमची सिद्धता एका ओळीवर अडली होती.
शिवलीलाच्या टिपा कन्नडात, माझ्या मराठीत,
कंपायलर दोन्ही सारख्याच ओलांडून जायचा
आणि त्याच ओळीवर लाल व्हायचा.
परवा रात्री साडेअकराला तो गप्प राहिला.
आम्हाला आधी वाटलं, हँग झाला.
मग भरमानं डब्यातला कुंदा काढला,
कीबोर्डला तूप लागलं.

बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत.
विचारतात, तुम्ही तिथं करता काय?
मी सांगतो, जुनं काही मोडत नाही आम्ही,
यादीत एक घालायचं तर
नवी यादी करायची, जुनी तशीच ठेवायची.
बाबा भाकरी मोडतात.
साचा फोडल्याशिवाय कास्टिंग निघत नाही बघ, म्हणतात.
हे मी वहीत लिहून ठेवलंय.
मॅडमना अजून दाखवलं नाही.

आज बैठक लांबली.
शेवटच्या बसला कंडक्टरनं विचारलं, कुठं?
मी आमच्या घरात म्हणतात ते नाव सांगितलं.
त्यानं मान न वर करता
त्याच्या घरातलं नाव पुटपुटत बटण दाबलं.
तिकिटावर तिसरंच काही छापून आलं, अर्धं पुसट.
वीस दिले होते.
सहा परत आले.
बरोबर.