शंभर मीटर

मणियार साहेबांनी फीत धरली बुरुजाच्या पायाशी,
दुसरं टोक माझ्या नवऱ्याच्या हातात.
खंदक, चिंच, तांबोळ्याची पानपट्टी,
तीन वेळा फीत संपली, तीन वेळा खूण केली,
आमचा उंबरा आला चौऱ्याण्णववर.
मग फीत घरात शिरली, चपला न काढता,
आणि चूल नि मोरी यांच्यामधे थांबली.
"शंभर," म्हणाले साहेब. शहाबादीवर खडूनं रेघ ओढली.

तेव्हापासून भाकरी मी थापते मनाईच्या जागेत
आणि भांडी घासते परवानगीच्या जागेत.

वर एक खोली हवी होती. एवढंच.
विश्वंभरचं लग्न झालं,
सत्यशीला कणग्यांच्या आड लुगडं बदलते.
रात्री सासरा खोकला गिळतो,
मधे नुसता जुन्या चादरीचा पडदा.
अर्ज धाराशिवला गेला, तिथून संभाजीनगरला,
तिथून आणखी कुठं कुठं.
परंड्याबाहेर मी इतकी कधी फिरले नाही.
उत्तर आलं इंग्रजीत. तांबोळ्याच्या शबनमनं वाचलं,
वाचता वाचता तिचाच आवाज बारीक झाला.

आणि हा माझा माणूस, लिंबराज गवंडी,
त्याच खात्याच्या रोजावर तट सांधतो!
घाणीत चुना, वाळू, विटेची भुकटी,
भिजवलेला हिरडा, गूळ, बेलफळाचा गर.
सिमेंटचा कणसुद्धा चालत नाही तिथं.
"दगडाला श्वास लागतो गं," म्हणतो.
"अन् सुनेला?"
तो उठून थापी धुवायला जातो.
धुतलेलीच असते.

खोटं कशाला बोलू,
भारतशेठनं एका रात्रीत खंदकात मुरूम ओतला होता,
चाळीस हायवा. बावीस गाळ्यांचा नकाशा तयार,
एक गाळा विश्वंभरच्या नावानं द्यायचं तोंडी ठरलेलं.
त्या निळ्या पाटीनं अडवलं त्याला,
जिच्यावर पोरं नेम धरून खडे मारतात.
मुरूम परत उपसला. तळाशी निघाली जुनी मोट चालायची ती विहीर,
पाणी हातभर, पण होतं.
त्या वर्षी मेमधे टँकर आला नाही,
तेव्हा मी घागर घेऊन कुठं गेले होते
ते मला माहीत आहे, शेठच्या बायकोलाही.

आणखी एक.
मोरीतला दगड, ज्यावर मी धुणं आपटते,
त्याच्या एका अंगाला कमळाची अर्धी पाकळी आहे.
सासऱ्यानं आणला होता, बैलगाडीत कडब्याखाली.
पाटी तेव्हा नव्हती. असती तर आणला नसता,
आणि गल्लीतल्या सगळ्यांनीच आणले नसते,
बुरूज जरा उंच राहिला असता, आमची घरं जरा बुटकी.
मणियार साहेबांनी रेघ ओढताना तो पाहिला.
वाकून, चष्मा काढून.
वहीत काही लिहिलं नाही.
चहाला मात्र थांबले नाहीत.

काल याच्या डब्यात भाजीच्या खणात
मूठभर चुना निघाला, ओल्या पानात गुंडाळलेला.
सुनेच्या बाजूची भेग त्यानं भरली, कंदिलाच्या उजेडात,
लाइट असताना.
"कागद नाही त्याला," मी म्हटलं.
"असल्या चुन्याला शंभर वर्षं मरण नाही," तो म्हणाला,
भलत्याच प्रश्नाचं उत्तर.

खडूची रेघ केव्हाच पुसली.
तरी मोरीकडं जाताना
पाय थोडा उचलूनच पडतो.