नववी ओळ

ग्युम्रीत दगड दोनच रंगांचा,
काळा, आणि भाजल्या विटेसारखा.
वारुझान दिवसभर तो कोरतो :
क्रूसाखाली वेली, वेलींना डाळिंबं,
डावीकडे सात, उजवीकडे सात.
संध्याकाळी हात धुतो,
नखांत उरलेल्या दगडासकट पटाशी बसतो.

खेळायला नव्हे. खेळायला दुसरा माणूस लागतो
आणि दुसरा माणूस सगळं वाकडं करतो.
वारुझान मात रचतो.

त्याला हवी होती ती अशी :
काळा राजा शेवटच्या रांगेत, आपल्याच घरी,
दोन खांद्यांना दोन हत्ती, त्याचेच,
भरजरी, निरुपयोगी.
समोर एक घर सोडून पांढरा वजीर.
बस्स.
पुढची तीन घरं वजिराच्या नजरेत,
बाजूची दोन आपल्याच माणसांनी अडवलेली.
कागदाची मधोमध घडी घातली
आणि शाई ओली असली
तर एका हत्तीचा ठसा दुसऱ्यावर नेमका उठावा.

तिकडच्या बोलीत हत्तीला होडी म्हणतात
आणि आपल्या उंटाला हत्ती.
म्हणजे ग्युम्रीचा राजा
दोन्ही कुशींना होड्या बांधून
कोरड्यात बुडतो.

पांढऱ्यानं दोन चालींत मात करावी,
असं पोस्टकार्डावर लिहून, पट आखून,
त्यानं ते येरेवानच्या मासिकाला धाडलं.
कार्ड गावाबाहेर गेलंच नाही.
टपालवाली नाझेनी कुणाची पत्रं वाचत नाही,
पण चौकटी दिसल्या की
डोळे थांबत नाहीत, शाळेपासूनची खोड.
तिसऱ्या दिवशी बुटांवरचं बर्फ झटकत
तिनंच दार वाजवलं :
"वजीर डावीकडून तिरका येतो, कबूल.
पण उजवीकडूनही येतो की!
तुझ्या कुलपाला दोन किल्ल्या आहेत."

दोन उत्तरं म्हणजे एकही नाही.
आरशासमोर मांडलेलं कोडं
आरशातूनही सुटणार, हे त्याला,
चाळीस वर्षं डाळिंबं मोजणाऱ्याला,
कळायला हवं होतं.

रात्री त्यानं वजिरापुढच्या प्याद्याला
दोन शेजारी दिले, डावा एक, उजवा एक.
दोन्ही तिरक्या वाटा बुजल्या.
काळ्याची बाकीची मोहरी कशी जखडली
ते इथे सांगत बसत नाही.
पट देखणा झाला, अगदी देखणा,
फक्त मात सापडेना.

दुसऱ्या दिवशी पत्रं वाटून नाझेनी आली.
उभ्याउभ्याच तिनं वजीर उचलला,
आडवा सरकवला, डावीकडे,
पार कडेच्या घरापर्यंत.
तिथून पुढल्या चालीला, एका लांब तिरप्या रेघेत,
राजाच्या समोर.

"आणि उजवीकडून?" त्यानं भीतभीत विचारलं.

तिनं वजीर पुन्हा मागे घेतला, उजवीकडे सरकवला.
एक घर. दोन. तीन. लाकूड संपलं.
चौथं घर टेबलक्लॉथवर पडलं,
साखरेच्या भांड्याला खेटून.
"इथून," ती म्हणाली. "पण इथे घर नाही."

दोघंही त्या जागेकडे बघत राहिले.

आठ ओळींना मधली ओळ नसते.
राजा मधोमध उभा दिसतो
आणि त्याच्या एका हाताला चार ओळी असतात, दुसऱ्या हाताला तीन.
तेवढ्या एका उणिवेतून
वजीर आत येतो.

मग त्यांनी ती मात एकदा सावकाश मांडली.
हत्ती, राजा, हत्ती. मध्ये एक रिकामं घर. वजीर.
आता बघणाऱ्याला सांगता आलं नसतं
तो कुठल्या बाजूनं आला होता.

कार्ड गेलं. मासिकाचं काही आलेलं नाही.
वारुझान हल्ली जेवताना
साखरेचं भांडं जरा पलीकडे ठेवतो.