आडवं काप

सहाला दहा कमी.
कोट अजून अंगावर
आणि बिडाचा तवा गॅसवर चढवलेला.
रिकामा. तेलाचा थेंब नाही.
धुराची पहिली रेघ निघेपर्यंत थांबायचं असतं,
हे मला हॅलिफॅक्समध्ये कुणी शिकवलेलं नाही.

क्लिफर्डच्या दुकानाच्या पाटीवर
त्याच्या पणजोबांचं नाव, सोनेरी अक्षरांत,
खाली साल.
निळ्या पट्ट्यांचा एप्रन घालून तो
गिऱ्हाइकांशी हवापाण्याचं बोलतो,
त्यांच्या कुत्र्यांना नावानिशी ओळखतो.
आमच्या दुकानाला पाटी नव्हती.
शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ पुढे
मी ‘व्यापार’ लिहायचे
आणि बाई पेन थांबवून माझ्याकडे बघायच्या.

दोन बोटं जाड तुकडा,
कागदाने टिपून टिपून कोरडा केलेला.
‘ओलं मांस भाजत नाही, नुसतं शिजतं.’
बाबांचं वाक्य. ते कशालाही लावायचे,
माझ्या नवऱ्यालासुद्धा लावलं होतं.
जाडं मीठ.
तव्यावर ठेवला, आणि चर्रर्र!
सगळ्या स्वयंपाकघराने मान वळवली.

आता हात लावायचा नाही. तीन मिनिटं.
तेवढ्यात मी कोट काढते, बूट लाथाडते,
धुराच्या अलार्मखाली टॉवेल घेऊन उभी राहते,
चवरी ढाळल्यासारखी.

उलटला. भाजलेली बाजू
जुन्या सागवानाच्या रंगाची.
लोण्याचा गोळा, ठेचलेला लसूण,
थाइमची काडी, जिचा वास
वीस वर्षं झाली तरी मला ओव्याचाच येतो.
तवा तिरका करून चमच्याने वरून वरून,
न्हाऊ घालतात तसं.

मग ताटलीत काढून नुसतं ठेवायचं.
इथे म्हणतात, मांसाला विश्रांती द्या.
आता? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते.

आणि नेमका त्याच पाच मिनिटांत फोन.
तिकडे साडेदहा. इचलकरंजीत बाबा जागे,
चष्मा कपाळावर, पडद्यात अर्धाच चेहरा.
“जेवलीस?”
“बसतेच आहे.”
“काय केलंस?”
“मटण,” मी म्हणाले,
आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवला,
तोंड नेमकं ताटलीकडे.

पलीकडे काहीच नाही.
बावन्न वर्षं सुरी धरलेला माणूस.
हे जनावर त्यांनी कधी कापलं नाही,
कापणाऱ्यांची गल्ली टाळून
लांबच्या वाटेने घरी यायचे.
पण रेषा. त्या त्यांना
अंधारातही दिसल्या असत्या.
“मालन,” ते म्हणाले,
“धागा लांब आहे याचा.
बकऱ्याचा एवढा नसतो.”

माझ्या हातात सुरी.
लोणी ताटलीच्या कडेला थिजायला लागलेलं.
बाहेर कुणी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं,
चाकांचा खडखडाट
थेट चढाच्या टोकापर्यंत.

मग खाकरले.
चष्मा कपाळावरून नाकावर आला.
“फोन जरा जवळ धर.
हां. इकडून तिकडे जातायत ना रेषा?
त्यांना आडवं काप.
सुरी तिरकी. दाबू नको, ओढ.”

मी ओढली.
आत गुलाबी. रसाचा एखादा थेंब, जास्त नाही.
“किती वेळ ठेवलं होतंस?”
“पाच मिनिटं.”
“बरोबर.”
थोडं थांबून म्हणाले,
“आणि धार लाव त्या सुरीला.
इथपर्यंत ऐकू येतंय.”