हरकत

पबच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी आम्ही चौघं.
गुण मी लिहिते, नेस्टा,
याच डोंगरातून निघालेल्या पाटीवर, खडूनं,
मग घरी जाऊन वहीत.
खाण मिटून पन्नास वर्षं झाली.
पाटी अजून ओल्या फडक्यानं उजळते.

शब्द आम्ही बोलायला गोळा करत नाही.
टिटल म्हणजे छोट्या आयच्या डोक्यावरचा ठिपका,
हे मटणवाल्याला सांगून काय उपयोग?
झार्फ म्हणजे गरम पेला धरायचं कोंदण.
ॲग्लेट, बुटाच्या नाडीचं टोपण.
ते निसटल्यावर नाडीची जी झिपरी होते
तिचं नाव आम्हाला अजून सापडलेलं नाही.
आयोर्वर्थ शोधतोय. त्याला वेळ आहे.

बर्मिंगहॅमचा जावई एकदा बसला खेळायला.
ग्वेनल्याननं मांडलं: सी, डब्ल्यू, एम.
कूम.
तो हसला. स्वर कुठाय यात?
तिनं पडदा सारला.
दोन्हीकडून डोंगर, मधे ओढा,
चॅपलच्या भिंतीला अंग घासणाऱ्या मेंढ्या.
"कूम म्हणजे दरी, पोरा. तू तिच्यातच बसलायस.
आणि आमच्यात डब्ल्यू हाच स्वर."
त्यानं तरी डिक्शनरी उघडली.
मग गपचूप बिअर प्यायला.

इद्वाल डिक्शनरीतून शिकलेला नव्हे.
चाळीस वर्षं याच पबच्या तळघरात
पिंपं उतरवली, तिरकी केली, कान लावून ऐकली.
एके रात्री त्यानं लावलं: अलिज.
आम्ही तिघांनी एका सुरात हरकत घेतली.
पान उघडलं.
होता.
भरलेल्या पिंपात वर राहून गेलेली रिकामी जागा.
तूट.
"मालक तिचे पैसे माझ्या पगारातून कापायचा," एवढंच म्हणाला तो,
आणि पिशवीत हात घातला.
हरकत खोटी ठरली की डाव हुकतो.
तिघांचे हुकले.
तेव्हापासून इद्वालच्या शब्दावर
कुणी बोट ठेवलं नाही.

पुढच्याच नोव्हेंबरात त्यानं एका दमात
सातही सोंगट्या उतरवल्या.
क्वोबिन्स.
शहाऐंशी गुण, पन्नासाच्या बक्षिसासकट.
"म्हणजे?" आयोर्वर्थनं विचारलं, जरा भीतभीतच.
इद्वालनं आपला ग्लास उचलला.
टेबलावर ओलं कडं उमटलं होतं,
एका जागी तुटलेलं.
"हे. दोन असले तर शेवटी एस."
आम्ही माना डोलावल्या.
मला तर वाटलं, आपण कधीतरी वाचलाय हा.

फेब्रुवारीत त्याची मुलगी त्याला लॅन्डुडनोला घेऊन गेली,
समुद्रासमोरच्या वृद्धाश्रमात.
भेटायला गेले तर मला ग्वेनल्यान म्हणाला.
चहा प्लॅस्टिकच्या कपात देतात, खाली रबरी चकती.
टेबल कोरडं ठक्क.

त्या रात्री मी डिक्शनरी काढली.
माझी, मग आईची, मग चॅपलच्या कपाटातली जाडजूड.
क्विझ आहे. क्वॉड आहे.
दोघांच्या मधे
केसाएवढी पांढरी रेघ कागदाची.

वही उघडली. सोळा नोव्हेंबर, शहाऐंशी.
ते वजा केले तर त्या रात्री मी जिंकते.
अकरा वर्षांत एकदाच.

परवा गुरुवारी लवकर पोचले.
काउंटरमागे हेलेद, आयोर्वर्थची नात, नवीनच लागलेली;
इद्वालला तिनं पाहिलेलंही नाही.
नव्या पोराकडे फडकं भिरकावत ती ओरडली,
"सहा नंबरवरचे क्वोबिन्स पूस आधी!
माणसं बसायचीयत तिथे."
त्यानं एकदाही विचारलं नाही, काय म्हणून.
सरळ गेला आणि पुसू लागला.

मी पाटी घेतली.
चौथं नाव सवयीनं लिहिलं,
लिहिलंय तर राहू दिलं.
खोडरबर पर्समध्येच होतं.