नेरे

खानापूरच्या कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. पाटीवर: मोडी वाचून मिळेल.
पानाला पन्नास. वाळवीच्या पानाला सत्तर.

निंगाप्पा तळवारने रुमाल सोडला तेव्हा
तंबाखूचा वास आला आणि एक सुकलेलं झुरळ पडलं.
त्याला हवा होता शेताचा दाखला.
माझ्या हाती लागला तह.

एका बाजूला बिरकोपचे देसाई चन्नवीरप्पा,
दुसऱ्या बाजूला कंपनी सरकार बहादूर.
बेळगावचा किल्ला पडला ते साल, वैशाख महिना.
खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं: दस्तुर तिमाजी दुभाषी.

तिमाजी माझ्या पणज्याचा पणजा.
घरात त्याच्याबद्दल एवढंच सांगतात
की म्हातारपणी त्याने बोलणं सोडलं.
कुठल्याच भाषेत.

देसायाकडे चाळीस घोडी, एक तोफ. तोफेत मधमाशा.
पुण्याची गादी रानोमाळ पळत सुटलेली,
घाटाखाली फिरंगी, त्याचाही राजा
लिस्बन टाकून ब्राझीलात जाऊन बसलेला.
ही खबर मिठाच्या बैलांबरोबर चोर्ल्याचा घाट चढून आली.
त्याच गोणीत आणखी एक, पंचवीस वर्षं शिळी:
फरासिसांनी आपल्याच राजाचं मुंडकं उडवलं.
देसाई बराच वेळ सुपारी कातरत राहिला.
मग म्हणाला, "अस्सं. मग तिकडं वतनं कोण देतं?"

मलाही ठाऊक नाही, देसाई.
मी रोज कचेरीच्या पायऱ्या बघतो, तरीसुद्धा.

तंबूत साहेबाने विचारलं, कंपनी तुम्हाला कोण लागते?
देसाई कानडीत एकच शब्द बोलला,
नेरे.

नेरे म्हणजे शेजार.
नेरे म्हणजे पूर.
देसायाच्या मनात कुठला होता, हे तिमाजीला विचारता येईना,
साहेब घड्याळाकडे बघत होता.
तिमाजीने शाई टिपली आणि लिहिलं: शेजार.
अक्षर सुरेख आहे. इतकं सुरेख
की मला त्याचा राग येतो.

साहेबाच्या कारकुनाने त्याचं काय केलं, तो कागद माझ्याकडे नाही.
तीन वर्षांनी धूर देऊन तोफेतल्या मधमाशा उठवल्या,
तोफ बैलगाडीवर चढली,
एवढं आमच्या घरात तोंडी चालत आलंय.
आणि देसायाच्या पोराला पेन्शन. महिना सव्वीस रुपये.

मोडी लिहिताना आधी रेघ मारतात,
पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात न उचलता,
आणि मग तिला अक्षरं टांगतात.
छप्पन साली आम्ही तसेच टांगले गेलो.
रात्री निजलो एका राज्यात, उठलो दुसऱ्यात,
कोंबडा मात्र तोच. बाबा म्हणायचे,
राजे होते तेव्हा निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते माहीत होतं.
मग मोर्चे झाले, पाट्या झाल्या, पाट्यांवर डांबर झालं.
मीही एकदा डांबराचा डबा धरलाय. शिडी
शेजारच्या गंगव्वाकडून मागून आणली होती.
तिने विचारलं नाही कशाला.

एकोणीस साली, ऑगस्टात, मलप्रभा फुगली.
मध्यरात्री गंगव्वा भिंतीवरून ओरडली:
नेरे बंतु! नेरे बंतु!
अर्धवट झोपेत मला वाटलं
शेजारी आले.
उठून दार उघडलं. पाणी उंबऱ्याशी,
आणि पाण्यात गुडघाभर तिचा थोरला, खांद्यावर दोर.

तिमाजी, तुला हे सांगायचं होतं.
पण तू बोलत नाहीस.

"साहेब," निंगाप्पा म्हणतो, "ते ऱ्हाऊ द्या. माझं शेत?"
मी भिंग सरकवतो.
पूर्वेस ओढा. पश्चिमेस देवीची राई.
उत्तरेस मसणवाट.
दक्षिणेस...
दक्षिणेस वाळवी आहे, निंगाप्पा.
सत्तर रुपये होतील.