पहिलं पाणी

फादर, तुमचा फॉर्म परत आणलाय.
नाव लिहिलंय तेवढं: एर्मेलिंदा,
कपेलाच्या पायऱ्यांखालचं घर, चोडण.
खाली चौकोन. वाचक. गायक. मुलांना शिकवणारे.
आजाऱ्यांकडे कम्युनियन नेणारे. हिशेब बघणारे.
चष्मा लावून दोनदा पाहिलं,
धुण्याचा चौकोन नाही.

राग नाही हो. सांगते नुसतं.

वेदीवरचं ते लहान कापड,
ज्याच्यावर तुम्ही ओस्ती मोडता,
ते थेट बादलीत जात नाही.
आधी चिनी मातीच्या वाडग्यात, तासभर.
साबण नाही. टीव्ही बंद.
आणि ते पाणी न्हाणीत ओतायचं नाही,
गटारात तर नाहीच.
कण असेल एखादा. दिसत नाही,
पण आहे असं धरायचं.
सासूनं शिकवलं. तिला कुणी, ठाऊक नाही.
तीही कुठल्या यादीत नव्हती.

एकोणतीस वर्षं ते पहिलं पाणी
मी नीरफणसाच्या मुळाशी ओतते.
फादर सिप्रियान गेले, मग ते खोकणारे आले,
त्यांची बदली झाली, आता तुम्ही.
झाड तेच.

चमत्कार म्हणत नाही मी, शेणखतही घालते.
पण लागतो बक्कळ,
आणि फांद्या सगळ्या कुंपणापलीकडे, गावकरांच्या अंगणात.
सुलक्षणा विचारते, पडलेले परत आणून देऊ?
म्हटलं, पडले तिथले ते त्यांचे.
चवथीला तिच्या घरी कापा होतात, रव्यात घोळून,
एक ताट कुंपणावरून माझ्याकडे येतं.
दोन नीरफणस फेरीवरच्या खलाशाला,
एक त्या बेळगावकडच्या गवंड्याच्या बायकोला.
तिला भाजी येत नव्हती, मी दाखवली.
कुणाला काही सांगितलं नाही.
काय सांगणार? आणि सांगितलं असतं तर
खाल्लं असतं का कुणी
इतकं पोटभर?

आता हात थरथरतात.
सून कुवेतला, मुलगी मडगावात, तिला वेळ नाही.
तेव्हा तुमच्या फॉर्मवर चौकोन वाढवू नका,
एखादी पोर पाठवून द्या शनिवारची.
बोलकी असली तरी चालेल. घाई नको तिला.

आणि एक विचारायचं होतं.
गेल्या शनिवारी वाडगा निसटला,
सगळं पाणी स्वयंपाकघराच्या फरशीवर.
फडकं घ्यायला धीर झाला नाही,
तशीच खाली बसले, फ्रॉकच्या घेरानं टिपलं,
कोपऱ्यातलंसुद्धा, मुंग्या होत्या तिथलं.
आता हा फ्रॉक कुठं धुवायचा, फादर?
सेमिनरीत शिकवलं असेल तुम्हाला.

नाही धुतला अजून.
तोच घालून आलेय.