काळी दोन

दुकानात आला तेव्हा बगलेत कीबोर्ड होता,
जुन्या चादरीत गुंडाळलेला, आजारी पोरासारखा.
"मुंग्या," म्हणाला. एवढाच मराठी शब्द
कॅम्पापासून खडेबाजारापर्यंत
रिक्षात बसून पाठ करत आला असणार.

मी हार्मोनियमवाला. पितळेतून सूर काढतो,
कानशीनं खरवडून, केसभर इकडे, केसभर तिकडे.
वायरींतलं मला काही कळत नाही.
तरी उघडला. मधल्या सप्तकाखाली
अंडी, तांदळाच्या कणीएवढी.
ब्रशनं काढून बाहेर कट्ट्यावर ठेवली.
तो बघत होता. मग म्हणाला, चहा?

नाव कॉलिन हॅदरसेज. नॉटिंगहॅमकडचा,
कोळशाच्या गावचा.
वीस वर्षं रात्रीच्या क्लबांत गायला, जिथं माणसं
गाण्यापेक्षा मोठ्यानं जेवतात.
एक रेकॉर्ड निघाली. यादीत एकतिसावी आली,
पुढच्या आठवड्यात नव्हती.
टीव्हीवर गेला तर कॅमेऱ्यानं दाखवले
नुसते हात, अकरा सेकंद.
तोंड दुसऱ्याचं होतं, जास्त देखणं.
आई म्हणाली, नखांवरून ओळखलं.

मग जहाजावर सहा वर्षं. समुद्र, जेवण, टाळ्या,
समुद्र.
तिथल्या दवाखान्यात फिलोमिना बारेटो, खानापूरची नर्स,
त्याचं गाणं चालू असताना झोपली
आणि दुसऱ्या दिवशी कबूलही केलं.
"बाकीचे जागे होते, पण ऐकत कोण होतं?"

आमच्याकडून माणसं जातात. पुणं, दुबई, लंडन.
हा उलटा आला.
लोंढ्याला उतरला, एक ट्रंक, एक कीबोर्ड,
आणि पुढं चालणारी फिलोमिना, हमालाशी भांडत.
ती जाऊन आठ वर्षं झाली.
परत का गेला नाहीस, मी विचारलं नाही.
व्हिसावाले विचारतात, दर खेपेला.

शिकवणीचा बोर्ड लावला, नुसता इंग्रजी.
रात्रीत कुणी डांबर फासलं.
मराठी लावला, कार्पोरेशनची माणसं आली.
कानडी वर, मराठी खाली असा करून आणला
तर रंगाऱ्याचं कानडी चुकलेलं,
आणि मराठीही.
शेवटी स्वतःच बसून पट्ट्या रंगवल्या,
सात पांढऱ्या, पाच काळ्या. अक्षर एक नाही.
साहेब टेप घेऊन आले. मापलं.
"ह्यात कानडी किती टक्के?"
तो कागद अजून कुठल्याशा फायलीत आहे.

गुरुवारी शटर अर्धं ओढून बसतो आम्ही.
गंगाधरय्या डग्ग्यावर हात ठेवून विचारतो, पट्टी?
मी म्हणतो, काळी दोन.
कॉलिन म्हणतो, ई फ्लॅट.
बोट एकाच जागी पडतं.
इथवर ठीक. पुढं भांडण.
आम्ही समेवर मान टाकतो. हा दोनवर आणि चारवर
चुटकी वाजवतो, लग्नात अक्षता पडल्यावर
दारात चपला काढणाऱ्या पाहुण्यासारखा.
"सम यल्ली, साहेब्रे?" गंगाधरय्या ओरडतो.
"येऊलालोय की," तो म्हणतो. "मागनं येऊलालोय."

परवा त्यानं ते एकतिसावं गाणं म्हटलं.
इंग्रजी मला येत नाही. एक शब्द सारखा येत होता,
रेन की ट्रेन, नक्की सांगता येणार नाही.
वर चढताना आवाज फाटला.
तो थांबला नाही, खाकरला नाही,
फाटलेल्या जागेतूनच पलीकडे गेला,
कुंपणातून शाळेला जाणारी पोरं जातात तसा.
आणि गंगाधरय्यानं, जन्मात पहिल्यांदा,
एकला हात उचलून धरला,
दोन यायची वाट बघत.

गाणं संपलं. शटरखालून कुत्रं आत आलं, बाहेर गेलं.
गंगाधरय्या म्हणाला,
"ह्याच्या पुढं तीस होते म्हणता. कोण ते?"
कॉलिननं डोळे मिटून आठवलं.
एक नाव आलं. बऱ्याच वेळानं दुसरं.
तिसऱ्याला चहा आला.